सोंगक्रानला जाताना: थायलंडच्या जलोत्सवाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मार्च उजाडला की ओळखीपाळखीतून विचारणा सुरू होते, "एप्रिलमध्ये थायलंडला चाललोय, तो पाण्याचा सण नेमका कसा असतो?" प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून उत्तरं इथे एका जागी लिहिली आहेत. एक गोष्ट मात्र आधीच सांगते. दुपारचा पाण्याचा धिंगाणा तेवढा बघून जे परततात, त्यांचा अर्धा सण राहून जातो. सकाळ देवळात काढा आणि दुपारी रस्त्यावर उतरा. खालची बरीचशी उत्तरं याच आग्रहातून आलेली आहेत.

सोंगक्रान कधी असतो?

दरवर्षी 13, 14 आणि 15 एप्रिलला. तारखा ठरलेल्या आहेत, तिथीप्रमाणे हलत नाहीत, कारण हा सण सूर्याच्या मेष राशीतल्या प्रवेशाचा आहे. आपण मकर संक्रमण साजरं करतो, हे मेष संक्रमण. पंजाबची बैसाखी, तमिळ पुथांडू, केरळचा विशू, आसामचा बोहाग बिहू, बंगालचा पोइला बोइशाख हे सगळे याच सुमाराचे. म्यानमारमध्ये याच दिवसांत थिंज्यान असतो, लाओसमध्ये पी माय, कंबोडियात चोल छ्नाम थ्माय.

13 तारीख म्हणजे महासोंगक्रान, आणि थायलंडमध्ये तोच ज्येष्ठांचा राष्ट्रीय दिवस. 14 ला 'वान नाओ', जुनं वर्ष आणि नवं वर्ष यांच्यामधला दिवस. तो कुटुंबाचा दिवस म्हणूनही पाळतात. 15 ला 'वान थालेंग सोक', म्हणजे नव्या शकाची सुरुवात. महाराष्ट्रात 14 एप्रिलला आंबेडकर जयंतीची सुट्टी असते, ती धरून बऱ्याच जणांना रजेचा मेळ घालता येतो.

डिसेंबर 2023 मध्ये युनेस्कोने सोंगक्रानचा समावेश मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत केला. त्याच बैठकीत गुजरातचा गरबाही त्या यादीत आला.

पण थायलंडचं वर्ष 1 जानेवारीला सुरू होत नाही का?

सरकारी वर्ष होतं, 1941 पासून. त्याआधी काही दशकं ते 1 एप्रिलला सुरू व्हायचं. पण मनाने लोक नवं वर्ष सोंगक्रानलाच धरतात. तिथे गेल्यावर पावत्यांवर आणि तिकिटांवर वेगळाच सन दिसला तर गोंधळू नका. थायलंडमध्ये बौद्ध संवत चालतो आणि तो आपल्या इसवी सनापेक्षा 543 ने पुढे असतो. म्हणजे 2026 साल तिथे 2569.

ही रंगांशिवायची धुळवडच ना?

रस्त्यावरचा जोर, अनोळखी माणसाला भिजवायची मुभा, ट्रकमध्ये पिंप भरून फिरणारी पोरं, हे सगळं पाहून आपल्याला धुळवड आणि रंगपंचमी आठवणारच, आणि त्यात चूक काही नाही. पण सोंगक्रानचं मूळ घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या तळहातांवर सुगंधी पाणी घालण्यात आणि बुद्धमूर्तीला स्नान घालण्यात आहे. गेल्या वर्षाचं जे अशुभ, जे मळलेलं, ते धुऊन निघावं ही त्यामागची भावना. तेच पाणी पुढे खांद्यावर शिंपडलं जाऊ लागलं, आणि आता ते बादलीने ओतलं जातं.

मुख्य म्हणजे हा घरी जायचा सण आहे. बँकॉकमध्ये टॅक्सी चालवणारे, हॉटेलात राबणारे, बांधकामावर असणारे असंख्य लोक ईसानचे, म्हणजे ईशान्य थायलंडमधले. वर्षभर आईवडिलांपासून लांब राहिलेली ही माणसं सोंगक्रानला गावी जातात. एस. टी. स्टँडवर गणपतीच्या आधी कोकणात जाणाऱ्यांची जी लगबग असते, ती ज्याने पाहिली आहे त्याला मो चित बसस्थानकावरची 11-12 एप्रिलची गर्दी लगेच कळेल.

या सणामागे काही कथा आहे का?

आहे, आणि ती ऐकूनच जा, कारण मिरवणुकीतल्या रथावर बसलेली मुलगी कोण हे त्याशिवाय समजत नाही. बँकॉकच्या वाट फो या मंदिरातल्या शिलालेखांतही ही कथा कोरलेली आहे.

धम्मबान कुमार नावाचा एक हुशार मुलगा होता, त्याला पक्ष्यांची भाषा कळायची. कबिल महाप्रोम, म्हणजे कपिल महाब्रह्म, याने त्याला कोडं घातलं: माणसाची श्री सकाळी कुठे असते, दुपारी कुठे आणि संध्याकाळी कुठे? उत्तर आलं नाही तर मुलाचं शीर जायचं, आलं तर ब्रह्माचं. सहा दिवस मुलाला काही सुचेना. शेवटी ताडाच्या झाडाखाली तो पडला असताना वर बसलेलं गरुडाचं जोडपं उद्याच्या मेजवानीबद्दल बोलत होतं, त्यांच्या तोंडून त्याला उत्तर कळलं. सकाळी श्री चेहऱ्यावर असते, म्हणून माणूस तोंड धुतो. दुपारी छातीवर, म्हणून तिथे सुगंध लावतो. संध्याकाळी पायांवर, म्हणून झोपण्याआधी पाय धुतो.

ब्रह्म हरला. पण त्याचं शीर इतकं तप्त होतं की जमिनीवर पडलं तर जग जळेल, आकाशात फेकलं तर पाऊस थांबेल, समुद्रात टाकलं तर समुद्र आटेल. म्हणून त्याच्या सात मुलींनी ते तबकात झेललं, मेरू पर्वताची प्रदक्षिणा केली आणि कैलासावरच्या गुहेत ठेवलं. तेव्हापासून दरवर्षी एक मुलगी ते शीर घेऊन प्रदक्षिणेला निघते. तीच त्या वर्षीची 'नांग सोंगक्रान'.

सात मुली म्हणजे सात वार. ज्या वारी संक्रमण होतं, त्या वाराची मुलगी त्या वर्षी येते. रविवारची गरुडावर बसून येते, सोमवारची वाघावर, मंगळवारची डुकरावर, बुधवारची गाढवावर, गुरुवारची हत्तीवर, शुक्रवारची रेड्यावर, शनिवारची मोरावर. तिचं फूल, तिचं अन्न, तिची शस्त्रं ठरलेली असतात आणि त्यावरून वर्ष कसं जाईल याचं भाकीत सांगतात. आपल्या पंचांगात दरवर्षी संक्रांत कशावर बसून आली, काय नेसून आली, कुठे बघते आहे हे छापून येतं. त्यावर वाढलेल्या माणसाला नांग सोंगक्रान परकी वाटणार नाही.

सकाळी देवळात काय असतं? परक्या माणसाला चालतं का?

चालतं, आणि आपुलकीने चालतं. सकाळी सहा-सातपासून लोक भिक्खूंना अन्नदान करतात. मग बुद्धमूर्तीला स्नान, त्याला 'सोंग नाम फ्रा' म्हणतात. मोठ्या भांड्यांत पाणी असतं, त्यात मोगऱ्याची फुलं आणि गुलाबाच्या पाकळ्या तरंगत असतात, आणि 'नाम ओप' नावाचं सुगंधी द्रव्य मिसळलेलं असतं. छोट्या वाटीने ते पाणी मूर्तीच्या खांद्यांवर, छातीवर, हातांवर हळूच घालायचं. डोक्यावर ओतायचं नाही. आधी नमस्कार, मग पाणी. पुढच्या माणसाचं बघून तसंच करा. काही देवळांत दोरीने पाण्याचं भांडं उंच चढवून स्तूपावर पाणी सोडतात. लहान मुलं ते बघत तिथून हलत नाहीत.

मला सगळ्यात आवडतो तो वाळूचा भाग. वर्षभर देवळात येता-जाता पायांना चिकटून तिथली वाळू बाहेर जाते, ती परत करायची म्हणून लोक नदीवरून वाळू आणून देवळाच्या अंगणात ओततात आणि तिचे छोटे स्तूप रचतात. त्यावर रंगीबेरंगी कागदी पताका आणि फुलं खोचतात. देवळाचं आपण काहीतरी नकळत घेतलं, ते फेडायचं, ही कल्पनाच किती सुंदर आहे. वाळू बहुतेक ठिकाणी अंगणात ठेवलेलीच असते, त्यामुळे आपल्यालाही एक स्तूप रचता येतो.

देवळात खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, चपला बाहेर. बायकांनी भिक्खूंना स्पर्श करायचा नसतो. काही द्यायचं असेल तर ते त्यांनी पसरलेल्या कापडावर ठेवायचं. बुद्धमूर्तीकडे पाय करून बसू नये. आणि पाण्याची पिस्तुलं देवळाच्या आवारात चालवू नयेत.

'रोद नाम दाम हुआ' म्हणजे काय?

घरातल्या थोरांच्या हातांवर पाणी घालून त्यांचा आशीर्वाद घेण्याचा विधी. आजी-आजोबा, आईवडील, गुरुजी खुर्चीवर बसतात, दोन्ही तळहात जोडून पुढे धरतात. धाकटी माणसं खाली बसून किंवा वाकून, फुलांचं पाणी वाटीतून त्यांच्या हातांवर धरतात. वर्षभरात काही चुकलं असेल तर क्षमा मागतात. मग थोरलं माणूस आशीर्वाद पुटपुटतं आणि ओला हात धाकट्याच्या डोक्यावरून फिरवतं. मोगऱ्याचा गजरा देतात, नवे कपडे देतात.

उत्तर थायलंडमध्ये या पाण्यात 'सोम पोय'च्या भाजलेल्या शेंगा टाकतात. सोम पोय म्हणजे आपली शिकेकाई. ज्या शेंगेने आपल्या आज्यांनी केस धुतले, तीच शेंग तिथे दोष धुऊन काढणारी म्हणून पवित्र मानतात.

पाहुण्याला हे बघायला मिळेल का? हॉटेलांत, गेस्ट हाउसमध्ये, गावच्या सभागृहात असे कार्यक्रम होतात आणि बहुतेक वेळा पाहुण्यांनाही बोलावतात. तुमच्या गेस्ट हाउसची मालकीण वयस्कर असेल, तर 13 च्या सकाळी तिला विचारा. आईवडिलांना घेऊन गेला असाल तर त्यांना तिथे बसवा आणि तुम्हीच त्यांच्या हातावर पाणी घाला. भाषेची काहीच अडचण येत नाही.

पहिल्यांदा जाताना बँकॉक निवडू की चियांग माय?

माझं मत चियांग मायच्या बाजूने आहे. 1296 मध्ये राजा मेंगराय याने वसवलेलं उत्तर थायलंडमधलं हे जुनं शहर चौकोनी आहे आणि चारही बाजूंना पाण्याचा खंदक आहे. सोंगक्रानला हा खंदक म्हणजे अख्ख्या शहराचा हौद होतो. ता फे दरवाजापाशी गर्दी सगळ्यात दाट. आणि त्या खंदकाच्या आत जुनी देवळं पावलापावलावर आहेत, त्यामुळे सकाळ आणि दुपार दोन्ही चालत साधतात.

13 तारखेला दुपारी वाट फ्रा सिंग मंदिरातली फ्रा सिंग ही पूज्य बुद्धमूर्ती रथातून शहरात फिरते. मागोमाग इतर देवळांच्या मूर्ती, ढोल, लान्ना, म्हणजे उत्तर थायलंडच्या, पारंपरिक पोशाखातले नाचणारे. ज्या गर्दीत क्षणापूर्वी धिंगाणा चालला होता, ती मूर्ती आल्यावर हात जोडते, फुलांचं पाणी मूर्तीवर शिंपडते, आणि रथ पुढे गेला की पुन्हा बादल्या उचलते. थायलंडचा सोंगक्रान समजून घ्यायला एवढं दृश्य पुरेसं आहे.

उत्तरेतल्या दिवसांचे स्वतःचे नियम आहेत. 13 ला पहाटे फटाके वाजतात, जुनं वर्ष हाकलण्यासाठी, दचकू नका. 14 ला कुणाशी भांडायचं नाही, शिवी द्यायची नाही, नाहीतर वर्षभर तसंच जाईल. वाळू याच दिवशी देवळात नेतात. 15 म्हणजे 'फाया वान', दिवसांचा राजा. त्या सकाळी दानधर्म आणि थोरांचे आशीर्वाद. 16 ला 'पाक पी', वर्षाचं तोंड. त्या दिवशी घरोघरी फणसाचं कालवण होतं, नव्या वर्षाला आधार मिळावा म्हणून. त्यात सहसा डुकराचं मांस घालतात, हे शाकाहारी मंडळींनी लक्षात ठेवावं. जवळच्या चोम थोंगसारख्या गावी बोधिवृक्षाच्या फांद्यांना रंगवलेल्या लाकडी टेकूंचा आधार देण्याची प्रथाही बघण्यासारखी आहे. चियांग मायहून दिवसभरात जाऊन येता येतं.

एक अडचण खरी आहे. मार्च-एप्रिलमध्ये शेतं आणि जंगलं जाळल्यामुळे उत्तर थायलंडची हवा फार वाईट होते. दमा असेल किंवा लहान बाळ बरोबर असेल, तर हवेची पातळी बघूनच तिकीट काढा आणि शंका असेल तर बँकॉक गाठा.

बँकॉकमध्ये कुठे जावं?

सकाळी सनाम लुआंगला, म्हणजे राजवाड्याजवळच्या मोठ्या मैदानावर. राष्ट्रीय संग्रहालयातली फ्रा बुद्ध सिहिंग ही मूर्ती सणासाठी बाहेर आणतात, लोक रांगेने स्नान घालतात. जवळच वाट फो. मग दुपारी सिलोम रस्ता किंवा खाओ सान. खाओ सान तरुण परदेशी प्रवाशांचा, अरुंद आणि कर्णकर्कश. सिलोम रुंद, आणि वरून साला देंग स्टेशनच्या पुलावरून कोरडं राहून सगळं बघता येतं. मुलं बरोबर असतील तर सिलोमला दुपारी लवकर जाऊन चारच्या आत निघणं बरं, कारण संध्याकाळी गर्दी इतकी दाटते की पाऊल टाकायला जागा राहत नाही.

गर्दी नको असेल तर?

बँकॉकच्या दक्षिणेला फ्रा प्रदेंग आहे, तिथल्या मोन या जुन्या वांशिक समाजाचा सोंगक्रान मुख्य सणानंतर साधारण आठवड्याने येतो. पोशाख, मिरवणुका, जुने खेळ, फार देखणा. बांगसेनच्या समुद्रकिनारी 16-17 एप्रिलला वाळूचे मोठमोठे स्तूप रचतात. पटायाचा मुख्य दिवस 19 ला असतो. म्हणजे ज्यांची रजा उशिरा मंजूर झाली त्यांनाही वाव आहे. अयुथ्यामध्ये हत्ती सोंडेने माणसांना भिजवतात, त्याची जाहिरात खूप होते. पण भर उन्हात, गोंगाटात उभे केलेले हत्ती बघायला मी कुणाला सुचवणार नाही. अयुथ्याला जुन्या देवळांसाठी जरूर जा. आणि खरं शांत काही हवं असेल तर सुखोथाय किंवा नानसारखं लहान शहर. तिथे पाणी अजून वाटीने घालतात.

पाणी उडवण्याचे काही नियम?

भिक्खू, म्हातारी माणसं, तान्ही बाळं, गरोदर बायका, खाद्यपदार्थ विकणारे, गणवेशात कामावर असलेले लोक यांच्यावर पाणी टाकायचं नाही. चालत्या मोटरसायकलवर तर कधीच नाही. तोल जाऊन माणूस मरतो. चेहऱ्यावर नेम धरू नका. बर्फाचं पाणी काही जण वापरतात, तुम्ही वापरू नका. जोराने फवारा मारणाऱ्या पाइपच्या पिचकाऱ्यांना बंदी आहे. कुणी हात जोडून मान हलवली तर थांबायचं. अंधार पडला की मुख्य रस्ते सोडून इतरत्र खेळ संपतो.

कुणी वृद्ध बाई जवळ येऊन खांद्यावर ओंजळभर पाणी हळूच सोडून हसली, तर हात जोडा आणि मान लववा. तो आशीर्वाद असतो.

गालाला पांढरं काय फासतात?

'दिन सो फोंग', एक प्रकारची मऊ पांढरी चुनखडीची माती. लोपबुरी भागातली प्रसिद्ध. उन्हाळ्यात गारव्यासाठी ती जुन्या काळापासून लावतात. आता मात्र परवानगी न घेता गालाला हात लावण्याचं निमित्त म्हणून तिचा गैरवापर होतो, म्हणून बऱ्याच ठिकाणी तिच्यावर बंदी घातली आहे. कुणी विचारलं आणि तुम्हाला आवडलं तर लावून घ्या; नको असेल तर ठाम नकार द्या. डोळ्यांत जाऊ देऊ नका.

एकटी बाई किंवा मैत्रिणींचा गट सुरक्षित आहे का?

दिवसा, देवळांत, कुटुंबांच्या गर्दीत निर्धास्त जा. दारू चाललेल्या दाट गर्दीत अंगचटीला येण्याचे प्रकार होतात, हे लपवण्यात अर्थ नाही. 2018 मध्ये अधिकाऱ्यांनी बायकांनाच 'नीट कपडे घाला' असं सुनावलं, तेव्हा थाय मॉडेल आणि अभिनेत्री सिंडी बिशप यांनी 'मी काय घालायचं ते मला सांगू नका' अशी मोहीम उघडली आणि ती देशभर गाजली. कपड्यांवर दोष ढकलायचा नाही, हे त्यांचं म्हणणं मला शंभर टक्के पटतं. व्यावहारिक सल्ला एवढाच: रात्री खाओ सानच्या मधल्या गर्दीत शिरण्यापेक्षा कडेला राहा, भेटायची जागा आधी ठरवा, आणि पर्यटक पोलिसांचा 1155 हा नंबर फोनमध्ये ठेवा. वैद्यकीय मदतीसाठी 1669.

काय घालावं, काय बरोबर घ्यावं?

लवकर वाळणारे, गडद रंगाचे कपडे. पांढरे कपडे भिजल्यावर पारदर्शक होतात. सोंगक्रानचा आवडता वेश म्हणजे फुलाफुलांचा सैल शर्ट. फुटपाथवर स्वस्तात मिळतो. न घसरणारी, मागे पट्टा असलेली सँडल. फोनसाठी गळ्यात अडकवायची पाणबंद पिशवी, तीही पदपथावर सगळीकडे मिळते. आधी आत नुसता कागद ठेवून पाण्यात बुडवून बघा. पासपोर्ट हॉटेलात ठेवा आणि प्रत बरोबर. पोहण्याचा चष्मा लहान-मोठ्या सगळ्यांनी लावावा, कॉन्टॅक्ट लेन्स टाळावी. खंदकाचं पाणी डोळ्यांत गेलं तर डोळे येतात. लगेच स्वच्छ पाण्याने धुवा. एप्रिल हा तिथला सगळ्यात तापलेला महिना, पारा 40 अंशांच्या आसपास जातो. ओल्या अंगाला ऊन जाणवत नाही आणि कातडी भाजून निघते, तेव्हा क्रीम लावा आणि पाणी पीत राहा. मेट्रोत चढण्याआधी पिस्तूल रिकामं करायचं आणि अंग पुसायचं.

शाकाहारी माणसाचे हाल होतात का?

थोडी तयारी लागते. नुसतं 'भाजी' सांगितलं तरी मासळीचा सॉस आणि कोळंबीची चटणी त्यात असते. 'जे' हा शब्द लक्षात ठेवा. पिवळ्या पाटीवर लाल अक्षरांत तो लिहिलेला दिसेल. जे जेवणात मांस, मासे, अंडी, दूध काही नसतं, कांदा-लसूणही नसतो, म्हणजे कांदा-लसूण न खाणाऱ्या मंडळींनाही सोयीचं. इतर ठिकाणी 'माय साय नाम प्ला' म्हणजे मासळीचा सॉस घालू नका. बँकॉकच्या पाहुरात भागात भारतीय जेवण मिळतं.

सणाच्या दिवसांत लहान खाणावळी बंद असतात, कारण चालवणारे गावी गेलेले असतात. मॉल आणि चोवीस तासांची दुकानं चालू राहतात. आणि एप्रिल म्हणजे तिथेही आंब्याचा हंगाम: 'नाम दोक माय' जातीचा आंबा, चिकट भात आणि नारळाचं दूध, हे न खाता येऊ नका. 'खाओ चाए' मिळालं तर तेही घ्या: मोगऱ्याच्या वासाच्या गार पाण्यातला भात. ही मोन लोकांची देणगी, पुढे राजवाड्यात पोचली. सोबतचे तळलेले पदार्थ मात्र बहुधा मांसाहारी असतात.

प्रवासाची तिकिटं, व्हिसा, बँका?

13 ते 15 सरकारी कचेऱ्या आणि बँका बंद. देशांतर्गत रेल्वे, बस, विमान सगळं फार आधी भरतं, विशेषतः बँकॉकहून बाहेर जाणारं 10 ते 12 ला आणि परतीचं 15 ते 17 ला. 9 ला किंवा त्याआधी मुक्कामी पोचा आणि तिथेच राहा. बँकॉकमध्ये थांबणाऱ्यांना मात्र या दिवसांत रस्ते कधी नव्हे इतके मोकळे मिळतात.

भारतीय पासपोर्टवर नोव्हेंबर 2023 पासून व्हिसाची सूट मिळू लागली, पण तिची मुदत आणि अटी बदलतात, म्हणून तिकीट काढण्याआधी थाय दूतावासाच्या संकेतस्थळावर बघा. 1 मे 2025 पासून डिजिटल आगमन कार्ड सक्तीचं आहे. ते पोचण्याआधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन भरायचं, फुकट असतं. पैसे मागणारी संकेतस्थळं टाळा. ई-सिगारेट नेऊ नका, तिथे त्यावर बंदी आहे.

स्कूटर भाड्याने घ्यावी का?

या आठवड्यात नाही. 11 ते 17 एप्रिलच्या सुमाराला तिथलं सरकारच 'सात धोकादायक दिवस' म्हणतं. त्या सात दिवसांत दरवर्षी दोनशेहून जास्त माणसं रस्त्यावर जीव गमावतात आणि त्यातली बहुतेक दुचाकीवरची असतात. ओला रस्ता, दारू, आणि अचानक अंगावर येणारी बादली. दुचाकीचा आंतरराष्ट्रीय परवाना नसेल तर विमाही बहुधा नुकसान भरून देत नाही. चाला, मेट्रो घ्या, टॅक्सी घ्या.

इकडे मराठवाड्यात टँकर लागलेले असताना तिकडे पाणी उधळणं मनाला पटत नाही. काय करू?

हा प्रश्न मला स्वतःलाही पडतो, आणि तो बाजूला सारू नये. थाय लोकांनाही पडतो. 2016 च्या दुष्काळात बँकॉकमध्ये पाणीखेळाचा काळ कमी केला होता. 2020 मध्ये साथीमुळे सुट्ट्याच पुढे ढकलल्या, आणि त्या काळात लोकांनी घरात वाटीभर पाण्याने सण केला. म्हणजे पाणी कमी असलं तरी सोंगक्रान अडत नाही. ईसानमधल्या खोन केनमध्ये 'खाओ निआओ' रस्त्यावर हजारो लोक पाण्याविना हातांची लाट करून सण साजरा करतात. तुम्हाला मोठी पिस्तुलं नको वाटत असतील तर चांदीच्या रंगाची छोटी वाटी घ्या, फुलांचं पाणी भरा आणि खांद्यांवर घाला. वाटी घेऊन फिरणाऱ्याला तिथे जास्तच मान मिळतो.

शुभेच्छा कशा द्यायच्या?

'सुक सान वान सोंगक्रान' किंवा 'सावाद्दी पी माय'. बाईने वाक्याच्या शेवटी 'खा' म्हणावं, पुरुषाने 'क्राप'. हात छातीशी जोडून मान झुकवायची, त्याला 'वाई' म्हणतात. चुकून कुणाला जोरात पाणी लागलं तर 'खो थोत', माफ करा.

थायलंडला जाणं जमणार नाही. भारतात असं काही आहे का?

आहे. अरुणाचल प्रदेशातल्या नामसाई भागात आणि आसामच्या काही गावांत खाम्ती आणि इतर ताई बौद्ध समाज याच दिवसांत 'सांगकेन' साजरा करतात. विहारातल्या बुद्धमूर्ती बाहेर खास मांडवात आणतात, त्यांना स्नान घालतात, आणि मग एकमेकांना भिजवतात. अरुणाचलला जाण्यासाठी इनर लाइन परमिट लागतं, ते ऑनलाइन मिळतं. सोयीचं विमानतळ दिब्रुगड. तिथून नामसाई गाडीने काही तासांवर आहे.